उताऱ्यातली माणसं

बस थांबली नाही. थांब्यावर मी एकटीच होते, हात वर केला होता, आणि ड्रायव्हरनं मला पाहिलंही होतं. त्याची मान माझ्याकडे वळली एवढं मी कुणासमोरही सांगेन. तरी बस माझ्या तोंडावर धूर सोडून वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मनात पहिलं वाक्य उमटलं ते नेहमीचं: पाहून न पाहिल्यासारखं केलं मेल्यानं. आणि ते नीट उमटायच्या आत, मी न बोलावता, दुसरं वाक्य येऊन त्याच्या शेजारी बसलं: आत कुणाला घेरी आली असेल, गाडी तशीच दवाखान्याकडे निघाली असेल. मी दचकले. बस चुकण्याचं मला काही नसतं. या वयात बस चुकली की चालायला निमित्त मिळतं. दचकले ती त्या दुसऱ्या वाक्यानं. ते माझं नव्हतं. तो आवाज माझ्या एका विद्यार्थिनीचा होता, आणि जी खोड तिच्या डोक्यातून काढायला मी निघाले होते, तीच माझ्या डोक्यात येऊन ऐसपैस बसली होती.

मग चालतच निघाले. कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत तर्काचा एक विभाग असतो, तो मी शिकवते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि शाळेनं निरोप दिल्यावर हातांची खडूची सवय सुटेना, म्हणून माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या क्लासात जाऊ लागले. परीक्षेत एक लहानसा उतारा देतात. त्याखाली प्रश्न आणि अ, ब, क, ड असे चार पर्याय. उताऱ्यात जे लिहिलंय ते खरं धरायचं आणि त्यातून काय निघतं तेवढंच सांगायचं. सगळे मासे झाडावर राहतात असं लिहिलं असेल तर राहतात. आपण मासे पाहिलेत की नाही, हे कुणी विचारत नाही. सोपं वाटतं, पण मुलं इथंच घसरतात. चांगली वाचणारी, घरात चार गोष्टी ऐकलेली मुलं जास्त घसरतात, कारण त्यांना माहिती गप्प बसू देत नाही. म्हणून माझा एक नियम आहे. क्लासच्या दाराशी पिशव्या ठेवायची मांडणी आहे. मी मुलांना सांगते, पिशवीबरोबर आपली माहितीही तिथंच ठेवायची, जाताना आठवणीनं घेऊन जायची. मुलं हसतात आणि खरंच ठेवल्यासारखं करून येतात. ही पोरगी पहिल्या दिवशी मांडणीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझी पिशवी लहान आहे. सगळं मावत नाहीये." तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

क्लासातली पोरं तिला वकीलसाहेब म्हणतात. ती आत आली की मागच्या बाकावरचा एक टवाळ उभा राहून कोर्टातल्या शिपायासारखा पुकारा करतो. ती चिडत नाही. हुशार आहे, पण नुसती चटपटीत नाही, खोल विहिरीसारखी. गोल टेबलाभोवती कोण कुणाच्या शेजारी बसलंय, आरशात कोणतं घड्याळ काय दाखवेल, हे प्रश्न ती माझ्याआधी सोडवते. आणि मग मध्येच, अगदी सरळ, नवख्यालाही सुटेल असा प्रश्न चुकवून बसते. पुन्हा सराव देते, पुन्हा तीच तऱ्हा. रविवारी परीक्षा. घरी तिला एकच संधी मिळाली आहे. जमलं नाही तर मामाच्या छपाईच्या दुकानात काउंटरवर बसायचं, हे आईनं मामाला कबूल करून ठेवलंय. मामा वाईट नाही, दुकानही वाईट नाही. पण ती त्या काउंटरबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाज खाली उतरतो, जिन्यावरून कुणी सावकाश उतरावं तसा.

आज सकाळी तिच्या सरावाच्या सगळ्या उत्तरपत्रिका मी जेवणाच्या टेबलावर पसरल्या होत्या. चुका कुठल्या प्रकारात आहेत ते बघायचं होतं; गणितात आपण तेच करतो, हातचा विसरतो की चिन्ह चुकतं ते शोधतो. चहा निवून गेला तरी सूत्र सापडेना. तुलना येतात, कारणं येतात, गृहीतकं येतात. मग चुकलेले उतारेच एकापाठोपाठ एक वाचले. रात्रपाळीचा पहारेकरी. उशिरा आलेली परिचारिका. खेप चुकवलेला टेम्पोवाला. परीक्षेला न आलेला मुलगा. प्रत्येक उताऱ्यात कुणावर तरी ठपका होता, आणि प्रत्येक ठिकाणी तिनं त्या माणसाला सोडवणारा पर्याय निवडला होता. पहारेकऱ्याचा उतारा तर इतका साधा: जो पहारेकरी जागा असतो त्याला फाटकाचा आवाज ऐकू येतोच, काल फाटक वाजलं, पहारेकऱ्याला ऐकू आलं नाही. म्हणजे तो जागा नव्हता, हा पर्याय ब. हिचं उत्तर क: त्याला कानाचा त्रास असावा. टेम्पोवाल्याचं क, परिचारिकेचं ड, मुलाचं पुन्हा क. ही चूक बुद्धीची नव्हती. ती एकेका उताऱ्यात शिरत होती आणि आतल्या माणसाला खांद्यावर घेऊन बाहेर येत होती.

रस्त्यावर दुकानांची फळकुटं उघडत होती, एक झाडूवाला फुटपाथच्या कडेला सावलीत बसला होता, आणि मी त्याच्याकडेही तिच्याच डोळ्यांनी पाहत होते. दमला असेल. पाठ भरली असेल. आमचे हे असेच होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायचे. दिवसभर जगाच्या शिव्या खाऊन घरी यायचे आणि तरी कुणाबद्दल वाकडा शब्द नाही. "असेल काहीतरी अडचण," एवढंच. शेजाऱ्यानं आमची शिडी नेली ती परतच केली नाही. मी म्हणाले, शिडी परत करायला कसली आलीय अडचण? हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "वर अडकला असेल." मी रागावले असताना मला हसायला लावायचं, ही त्यांची लबाडी होती. पण शेवटच्या आजारात, दुपारी येतो म्हणालेला डॉक्टर दिवे लागेपर्यंत फिरकला नाही, आणि हे उशीतून तेच म्हणाले, तेव्हा मला हसू आलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. त्या डॉक्टरला मी अजून सोडलेलं नाही. मला तो राग हवा असतो. हातातली काठी असावी तसा तो मला धरून चालता येतो. आणि आज, भर रस्त्यात, एका ड्रायव्हरमुळे, माझ्याच काठीला कुणीतरी हात लावला होता.

सिग्नलपाशी थांबले तेव्हा कळलं की मला भीती वाटतेय. मी तिला नेमकं काय शिकवायला चालले होते? माणूस बघू नकोस, वाक्य बघ. हे मी शेकड्यांनी मुलांना शिकवलंय आणि ती मुलं पुढे गेली आहेत. त्यांतला एक मागे पेढे घेऊन आला होता, प्रवेश मिळाल्याचे. म्हणाला, "बाई, आता घरात भांडणात मला कुणी हरवूच शकत नाही. आईचं पहिलंच वाक्य पकडतो आणि तिथंच अडकवून टाकतो." तो हसला, मीही हसले, आणि नंतर तो पेढा तोंडात फिरत राहिला, गिळला जाईना. चालणाऱ्यांसाठी हिरवा माणूस लागला. रस्ता ओलांडताना मी स्वतःला बजावलं की घाबरून शिकवणं सोडता येत नाही. पोरीला रविवारी त्या खुर्चीत बसायचं आहे आणि तिथं तिच्या दयेला गुण नाहीत. आज ही गाठ सुटलीच पाहिजे. तोडून नाही, सोडवून. कशी, ते मला ठाऊक नव्हतं, पण गणिताच्या बाईला ते नवीन नाही. फळ्यापाशी जाऊन उभं राहिलं की हात काहीतरी लिहितो.

क्लास कपडे धुऊन इस्त्री करणाऱ्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात कायम वाफेचा आणि तापल्या सुताचा वास. क्लासचा मालक, म्हणजे माझा तो जुना विद्यार्थी, दारातच भेटला.

"बाई, रागावू नका. पण शेवटचे दोन-तीन दिवस काठावरच्या मुलांना द्या ना. वकीलसाहेबांचं काही खरं नाही. ती शिकत नाही असं नाही, ती ऐकत नाही."

"तू सातवीत असताना अपूर्णांक दिसला की तुझ्या पोटात दुखायचं," मी म्हणाले. "तेव्हा मी काठावरच्यांकडे गेले असते तर आज खाली ही पाटी कुणाच्या नावाची असती?"

"झालं. काढली सातवी." तो कानाला हात लावून बाजूला झाला. "मधली खोली रिकामी आहे. पण बाई, आपण परीक्षा शिकवतो, न्याय नाही, एवढं लक्षात ठेवा."

मधल्या खोलीत ती आधीच बसली होती. पेन्सिलीला टोक काढून तयार, समोर कोरे कागद.

"चालत आलात, बाई? चेहरा लाल झालाय."

"बस थांबली नाही."

"पुढे खोदकाम चाललंय ना, मार्ग वळवला असेल. तुमचा थांबाच बंद असेल आज."

मला हसू फुटलं. "घ्या. ड्रायव्हर पण सुटला."

तीही हसली, पण मी पहारेकऱ्याचा उतारा तिच्यासमोर सरकवला तसं तिचं हसू मावळलं. म्हणाली, "याचं उत्तर ब आहे. मला माहीत आहे." माहीत आहे तर लिहीत का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, हात जात नाही. मी पहारेकऱ्याच्या जागी त्रिकोण काढला. जागा असलेला प्रत्येक त्रिकोण आवाज ऐकतो. या त्रिकोणानं आवाज ऐकला नाही. "जागा नव्हता," ती पापणी लवायच्या आत म्हणाली. मग मी त्रिकोण खोडला आणि तिथं पुन्हा पहारेकरी लिहिलं. पेन्सिल कागदापासून बोटभर वर थांबून राहिली. माझ्या इतक्या वर्षांत मी हातचे विसरणारी मुलं पाहिली, भागाकाराला घाबरणारी पाहिली, पण त्रिकोणाला शिक्षा देणारा आणि माणसापाशी थांबणारा हात पहिल्यांदा पाहिला.

"त्याला कुणी विचारलंच नाही, बाई," ती हळूच म्हणाली. "एवढ्या ओळींत सगळे बोलले. तो सोडून."

"कोण आहे गं हा पहारेकरी?"

खाली दुकानात इस्त्रीच्या वाफेचा फुसकारा झाला. ती कागदाकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, आणि ते सांगताना ती इतकी सरळ बसली होती की जणू कुणीतरी तिची साक्ष घेत होतं. वडील बांधकामावर क्रेन चालवायचे. एक दिवस वर चढवलेलं ओझं सुटलं आणि खालच्या एका मजुराचा पाय कायमचा गेला. चौकशी झाली, वडिलांचं काम सुटलं. आता ते एका इमारतीच्या तळघरात गाड्या लावायच्या चिठ्ठ्या फाडतात. त्या मजुराच्या घरी ते अजून जातात, बाहेरच्या ओट्यावर बसतात आणि परत येतात. घरी कुणी तो विषय काढत नाही. पण चौकशीतली वाक्यं तिला पाठ होती, तिनं ती मला म्हणून दाखवली, शाळेत कविता म्हणतात तशा स्वरात: "ब्रेक नीट असेल, तर ओझं फक्त चालकाच्या चुकीमुळेच सुटू शकतं. ब्रेक नीट होता. ओझं सुटलं. सबब चूक चालकाची." आणि मग तिनं मान वर करून मला विचारलं, "यात खोट आहे ना, बाई? तर्कात? तुम्ही सांगा. तुम्हाला लगेच दिसेल."

आता मला सगळं दिसलं. पहारेकरी, परिचारिका, टेम्पोवाला, सगळ्यांच्या पाठीमागे उभा असलेला तो एक माणूस दिसला. आणि हेही दिसलं की तर्कात खोट नव्हती. मी ती वाक्यं मनात उलटी केली, सुलटी केली, त्रिकोण घालून पाहिले. घट्ट होती. ती माझ्याकडे बघत होती आणि खोटं बोलणं अगदी सोपं होतं. हो गं, आहे खोट, एवढं म्हटलं असतं तर ती सुखावली असती, आणि रविवारी प्रत्येक पहारेकऱ्याला सोडवत सुटली असती, आणि पुढे जन्मभर चुकीच्या जागी दार ठोठावत बसली असती. 'असेल काहीतरी अडचण.' मला एकदम कळलं की ह्यांच्या त्या वाक्यावर मी का चिडत असे. ते चुकीचं होतं म्हणून नव्हे. ते तिथंच थांबायचं म्हणून. अडचण काय होती ते हे कधी विचारायला गेलेच नाहीत. आणि मीही नाही.

"खोट नाही," मी म्हणाले. "त्या वाक्यांतून तो निष्कर्ष निघतो."

तिचा चेहरा हळूहळू मिटला. तिनं पेन्सिल उचलली, कागद गोळा केले. "तुम्हीसुद्धा," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे सरकली.

"खाली बस."

"नको, बाई. कळलं मला."

"तुला काही कळलेलं नाही. माझं अर्धंच बोलून झालंय आणि तू पिशवी उचलायला निघालीस. बस म्हणते ना." माझा शाळेतला आवाज अजून शाबूत आहे हे मलाच नवल वाटलं. ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर.

"बाबांची चूक नव्हती, अशी तुझी खात्री आहे?"

"हो."

"कशावरून?"

"मी ओळखते त्यांना."

"हा पुरावा नाही. पण असू दे. धरून चालू की त्यांची चूक नव्हती. आणि तर्क तर पक्का आहे, त्याला कुठं फट नाही. खालचं निष्कर्षाचं वाक्य खोटं, मधला धागा पक्का. मग काय निघतं? मी काही सांगणार नाही."

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. विचार करणाऱ्या मुलाकडे कधी टक लावून बघू नये, त्याला ओझं होतं. खाली एक माणूस इस्त्रीचे कपडे हातावर आडवे घेऊन, झोपलेलं मूल न्यावं तसा चालला होता. पाठीमागे खुर्ची किंचित पुढे सरकल्याचा आवाज झाला.

"मग वरचं एखादं वाक्य खोटं आहे," ती म्हणाली. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "असलंच पाहिजे. बाई, असलंच पाहिजे!"

"कुठलं?"

"ओझं तर सुटलंच." ती भराभर बोलू लागली. "मग ब्रेक. ब्रेक नीट होता हे कुणी सांगितलं? आणि ते 'फक्त'! ओझं दोरखंडानं बांधतात ना, ते तर खालची माणसं बांधतात. दोरखंड सुटला तर? ते 'फक्त' कुठून आणलं त्यांनी?"

"मला क्रेनमधलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणाले. "पण इतके दिवस तू मधल्या धाग्याशी भांडत होतीस. तो पक्का होता, म्हणून दर वेळी हरत होतीस. वर बघायची पाळीच येत नव्हती. धागा पक्का आहे हे एकदा मान्य कर. मग बघ, त्यांनाच वरची वाक्यं सांभाळत बसावं लागतं."

मला अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगितल्याशिवाय हा धडा पुरा झाला नसता. म्हणून सांगितली. "आणि बाळ, असंही होईल की तू एक दिवस ती वाक्यं तपासशील, आणि दोन्ही खरी निघतील."

तिनं गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर पसरले. बाहेरच्या वर्गात कुणीतरी हसलं, मालकानं कुणाला तरी दटावलं.

"तरी तपासेन," ती म्हणाली. "पण आधी रविवार."

मी तिला नवा सराव संच दिला आणि घड्याळ तिच्याकडे वळवून ठेवलं. ती लिहू लागली. मी समोर बसून तिच्या पेन्सिलीचा आवाज ऐकत राहिले. इतकी वर्षं झाली, या आवाजासारखं दुसरं काही मला आवडलेलं नाही. ती निम्म्यावर आली असेल, तेव्हा दारात कुणीतरी घुटमळलं. खाकी शर्ट, खिशाला चिठ्ठ्या फाडायच्या पुस्तकाचा फुगवटा, रुंद पंजे एकमेकांत अडकवलेले. आज तिला न्यायला लवकर आले असावेत. मी आत या म्हणून खूण केली. ते आले नाहीत, दाराच्या चौकटीला टेकूनच कुजबुजले, "अजून वेळ आहे का हो, बाई?"

"थोडा."

"होऊ द्या सावकाश. आमची काही घाई नाही." आणि मग, जरा थांबून, "जमतंय का तिला?"

तिनं मान वर केली नाही. वडील आलेत हे तिला कळलं होतं. कानाची पाळी लाल झाली होती. तिच्यासमोर एका स्वयंपाक्याचा उतारा होता. जो चाखून बघतो त्याला खारटपणा कळतोच. यानं चाखलं होतं. जेवण खारट होतं. ते यानं तसंच वाढू दिलं. म्हणजे त्याला ते कळलं होतं आणि तरी त्यानं ते पुढे वाढू दिलं, हा पर्याय ब. खाली क होता: त्याला सर्दी झाली असावी. पेन्सिल क च्या दिशेनं गेली, तिथं थबकली. दारातला माणूस श्वास रोखून, दुसऱ्याच्या पोरीकडे बघावं तसं आपल्या पोरीकडे बघत होता. पेन्सिल वर आली आणि तिनं ब वर खूण केली, ठाम, एकदाच. मग ती उताऱ्याच्या पहिल्या वाक्याकडे गेली, 'कळतोच' या शब्दाखाली तिनं एक बारीक रेघ ओढली, आणि पान उलटलं.